धवलारीन हापिसात जाते

मी चांगुना. करावे गावची धवलारीन. आता धवलारीन म्हंजे काय ते आधी सांगते, नायतर शहरातली मानसं नुसती तोंडाकडं बघत बसतात. आमच्या आगरी लग्नात भटजी नंतर, आधी मी. मी धवले, म्हंजे लग्नाची गानी, गायल्याशिवाय हळदीचं बोट कोनी लावत नाय. देवांना आवतन मी देते. दोन्ही घरच्या मेलेल्या मानसांची नावं घेऊन त्यांना लग्नाला मीच बोलावते, नि ते येतात. कशावरून येतात बोलता? तुमी बोलावून बघितलंय का कधी? मग गप बसा.

हे काम मला सासूकडून आलं. मरताना माझा हात धरून बोलली, "चांगुना, गळा आपला नसतो गो, देवाचा असतो. तो धाडील तिथं जायचं." मी बोलले बरं. तवा मला काय ठाऊक, या देवाच्या कामात मला एक नारळ, एक चोळी नि पायलीभर तांदूळ मिळनार, नि माझी जाऊ वेनू सरकारी पंख्याखाली बसनार!

वेनू माझ्या धाकट्या दिराची बायको. जमिनी नव्या शहरात गेल्या, त्याच्या बदल्यात तिला बेलापूरच्या एका हापिसात शिपायाची नोकरी लागली. मग काय विचारता! खांद्याला पर्स, हाताला घड्याळ. संध्याकाळी बसमधून उतरली की चालताना पन साडीच्या निऱ्या हलायच्या नाय. ओट्यावर बसून बोलायची, "आज सायेब लय बिझी होते." जशी काय सायेबांच्या मांडीवरच बसून आली. माझ्या पोटात असं दुखायचं की ओवा खाऊन पन थांबेना.

एक दिवस वेनू आपल्या पायानं माझ्याकडं आली. "ताई, आमच्या हापिसात एक बाई पाहिजे. पानी द्यायला, फायली न्यायला. तीन महिने रोजावर, मग कायम. सायेबांना सांगू?" मी उठले नि तिच्या तोंडात साखर घातली. खरंच घातली, डब्यातनं मूठभर. एवढी चांगली जाऊ, नि मी तिला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या होत्या! तवा तिच्या पोटात काय होतं ते मला कुठं दिसत होतं?

पहिल्या दिवशी मी स्टुलावर बसले. वर पंखा. अहाहा! दुपारपर्यंत त्या पंख्यानं माझी मान धरली, घरी येऊन तेल चोळावं लागलं. दुसऱ्या दिवशी पानी दिलं. मांडवात देतात तसं, वयानं मोठ्या मानसापासून. आमचे श्यामसुंदर सायेब सगळ्यात तरुन, त्यांचा नंबर शेवटी लागला नि कळशीतलं पानी संपलं. वेनूनं मला चिमटा काढला, "ताई, इथं पगारानं मोठा तो मोठा." ही रीत मला अजून पटलेली नाय.

अर्ज घेऊन कोनी आला की मी विचारायची, कोनाचा रे तू? आजा कोन? आजी कुठल्या गावची? मानसं खूश व्हायची, बाकड्यावर बसून सगळी वंशावळ सांगायची, नि मागं रांग लागायची. एकदा सायेब बोलले, पुढच्या मानसाला पुकारा. मी पुकारला. खाली रस्त्यावरचा चहावाला तीन मजले चढून वर आला, मला बोलावलं का विचारत.

"चांगुणाबाई, जरा हळू," सायेब बोलले. हळू! मला जन्मात कोनी हळू बोललं नव्हतं. मांडवात बोलतात, होऊ दे जोरात! दोन महिन्यांत माझा गळा असा आवळला की पोरगा विचारायला लागला, आये, तुला बरं नाय काय?

पन मी हट्टी. वेनूला जमतं नि मला नाय जमनार? घराला पत्रे, पोरगा दहावीला, ती जागा मला पाहिजेच होती. नि खोटं कशाला बोलू, पर्स खांद्याला लावून मला पन गावातनं चालायचं होतं.

तीन महिने भरले. सायेब बोलले, शुक्रवारी दुपारी मोठे सायेब ठाण्याहून येतील, त्यांच्यासमोर कायमच्या कागदावर सही. जी बाई हजर नसेल तिची जागा रांगेतल्या पुढच्या बाईला. नि त्याच शुक्रवारी माझ्या भावाच्या, गंगारामच्या मीनाचं लगीन. आई नाय त्या पोरीला. तिला पायावर घेऊन न्हाऊ घातली ती मी. मला यायला जमनार नाय हे तिला सांगायला गेले तवा ती नुसती हातातली बांगडी फिरवत बसली. त्यापरीस तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वेनू लगेच बोलली, "ताई, तू टेन्शन घेऊ नको. धवले मी गाते. मी कायम हाय, मला रजा मिळते." एवढ्या झटकन बोलली की मला तवाच कळायला पाहिजे होतं. पन आपली अक्कल तवा पंख्याला टांगलेली.

शुक्रवारी मी इस्त्रीची साडी नेसून सायेबांच्या दाराबाहेर बाकड्यावर बसले. माझ्या मागं पावने गावची दुर्गाबाय. नवरा गेलेला, जमीन गेलेली, घरात तीन पोरं. तिचा नंबर माझ्यानंतर, म्हंजे मी हजर तर ती घरी. दोन वाजले, तीन वाजले. मोठे सायेब अजून वाटेत. तेवढ्यात जिन्यावरनं धापा टाकत गंगाराम आला. नवीन सदरा घामानं पाठीला चिकटलेला.

"चांगुना, चल! बाजीराव मेला!"

बाजीराव म्हंजे मीनाच्या होनाऱ्या नवऱ्याचा, कान्हाचा आजा. शिरवन्याचा जुना मिठागरवाला, ऐंशीच्या घरातला. मी विचारलं, "कसा मेला?"

"मेला नाय गो! पन उठत नाय!"

मग त्यानं नीट सांगितलं. वराड आलं, वेनू पाटावर बसली, मेलेल्यांना आवतन द्यायला लागली, नि त्या मेलेल्यांत तिनं बाजीरावाचं नाव घेतलं. बाजीराव समोरच बसलेला, पान चघळत. त्यानं पान थुंकलं, चटई पसरली, दक्षिनेला पाय केले नि तोंडावर टॉवेल ओढून झोपला. बोलला, "मला मेलेल्यांत बोलावलं, मी मेलो." आता वराडवाले बोलतात, घरचा मोठा मानूस आडवा पडलेला असताना हळद कशी लावायची? एक टेम्पो तर परत जायला चालू पन झाला. मीना आत रडते.

मी उठले. सायेब दारात आले. "चांगुणाबाई, कुठे निघालात? मोठे साहेब येतीलच आता. आज गेलात तर मला काही करता येणार नाही हं." मी परत बसले. परत उठले. सांगते ना, पाय दोन दिशेला ओढत होते. मागं बघितलं तर दुर्गाबाय डोळे मिटून, हात जोडून काय तरी पुटपुटत होती.

"काय गो पुटपुटतेस?"

ती दचकली नि खरं बोलून गेली. "तुमी जावं म्हनून देवाला नवस बोलते."

मेली! असं वाटलं, एक ठेवून द्यावी. मग तिच्या पायाकडं लक्ष गेलं, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. मला हसायला आलं. "तुझा देव लय लवकर पावतो बाय," मी बोलले नि जिना उतरले. रडले काय? रडले तर. दोन मजले रडले, तिसऱ्याला डोळे पुसले.

मांडवात पोचले तर बाया तोंडात पदर कोंबून हसतायत, बापये भांडतायत, नि मधोमध बाजीराव आडवा. मी आधी रांधायच्या खोलीत गेले. वेनू भाताच्या टोपामागं लपून रडत होती. हातात एक कागद, घामानं भिजलेला.

"वेनू, काय केलंस गो?"

"ताई, मी सगळं लिहून घेतलं होतं, हापिसात घेतात तसं. या बाजूला दोन्ही घरचे मेलेले. मागच्या बाजूला जिवंत, ज्यांना मानाचा नारळ द्यायचा ते. भीतीनं कागद उलटा धरला."

आता बोला! मेलेल्यांना आवतन द्यायचं तर ते तोंडातनं यायला पाहिजे. आमच्या सात पिढ्यांत कोनी कागद धरला नव्हता. म्हंजे त्या बाईनं जिवंत मानसं सगळी मेलेल्यांत घातली नि जे खरे मेलेले, त्यांना कोनी बोलावलंच नाय. कान्हाचा मामा दिनानाथ पन मेलेल्यांत गेला होता, पन तो पोट धरून हसला नि जेवायला बसला. मग या म्हाताऱ्याचंच काय एवढं दुखतं?

मी जाऊन बाजीरावाच्या उशाशी बसले. "बाजीरावतात्या, उठा."

टॉवेलाखालनं आवाज आला. "मेलेल्याला ऐकू येत नाय."

"मग बोलता कसं?"

म्हाताऱ्यानं टॉवेल आनखी वर ओढला. मग मी पन धवलारीन. आमाला सगळ्या घरांतलं सगळं ठाऊक. मी सूर लावला नि जागच्या जागी धवला जोडला. बाजीराव नवरदेव स्वतःच्या लग्नात भिऊन कसा चिंचेवर चढला, त्याला खाली उतरवायला माझ्या सासूनं झाडाखाली बसून कसे धवले गायले, नि उतरताना धोतर कसं वरच राहिलं. मांडव हसून हसून आडवा झाला. टॉवेलाखाली म्हाताऱ्याचं पोट गदगदा हललं. पन उठला नाय तो नाय.

तवा मला संशय आला. मी टॉवेलाचं टोक उचलून आत बघितलं. म्हाताऱ्याचे डोळे भरलेले.

"तात्या, काय झालं? खरं सांगा."

तो हळूच बोलला, माझ्यापुरतं. "माझ्या हौसाला नाय गो बोलावलं कोनी. मागल्या शिमग्याला गेली. कान्हाला तिनं वाढवला, तिच्या हातचा घास खाऊन तो मोठा झाला. त्याच्या लग्नाची तिला केवढी हौस! नि आवतन नाय म्हनून बाहेरच उभी असेल ती, लय मानी होती. मला त्या बाईनं मेलेल्यांत घातलं, मी बोललो, बरं झालं. आपनच तिच्यासोबत बाहेर राहू. एकटीला कसं सोडायचं?"

माझं हसू कुठल्या कुठं गेलं. मी पाटावर बसले, डोक्यावर पदर घेतला. देव बोलावले. खाडीचे, वेशीचे, घरचे. मग मीनाच्या घरचे मेलेले, तिची आई पहिली. मग कान्हाच्या घरचे. तीन महिने आवळलेला गळा मोकळा झाला, एवढा की खाडीवरनं मानसं आली, काय चाललंय बघायला. नि शेवटी मी गायले,

"हौसाबाय, या गो या, भरतीच्या पान्यावरनं या,
चुलीवरचं कालवन उतरवून या,
कान्हा तुमचा उभा हाय, हळदीचं बोट लावून जा."

बाजीराव उठून बसला. टॉवेलानं तोंड पुसलं, मांडवाच्या दाराकडं बघितलं नि जरा सरकून बाजूला जागा केली. मग ओरडला, "बघता काय रे? हळद आना!"

मीनाचं लगीन लागलं. जेवनं झाली तवा वेनू माझ्याजवळ येऊन बसली. "ताई, तुला नोकरीला मीच लावली, कारन मला तुझी जागा पाहिजे होती. सगळा मांडव तुझ्या तोंडाकडं बघतो. हापिसात मला नाव पन नाय. 'ए, पानी आन' बोलतात." मी तिचा अंबाडा धरला. मारायलाच धरला होता. पन विचार आला, चार वर्षं ही माझ्यावर जळते, मी हिच्यावर जळते, नि दोघींच्या चुली एका भिंतीला. धूर कोनाचा ते कसं कळनार? मला असं हसू आलं की तिचा अंबाडा हातातनं सुटला. "शिकायचं असेल तर माझ्यामागं बसून शीक," मी बोलले. "नि पर्स घरी ठेवून ये."

सोमवारी वेनूनं सांगितलं, दुर्गाबाय कायम झाली. हळू बोलते, सायेबांना पहिलं पानी देते, तिथंच शोभते. नोकरी गेल्याचं मला वाईट वाटलं का? पत्रे गळायचे तवा वाटायचं. गायला बसले की नाय वाटायचं.

हां, एक राहिलं. त्या दिवशी वराड निघताना बाजीराव काठी टेकत माझ्याकडं आला. "चांगुना, माझी पाळी येईल तवा माझं नाव तूच घे. नि हौसाच्या शेजारी घे. मधी कोनाला घालू नको."

"घेईन," मी बोलले. "पन घाई करू नका. आधी तुमच्या धाकट्या नातवाचं लगीन गायचंय मला."

दोन वर्षांनी धाकट्याचं लगीन झालं. बाजीराव त्याआधीच गेले होते. मी पाटावर बसले, देव बोलावले, हौसाबायला बोलावलं, नि तिच्या लगेच शेजारी बाजीरावाचं नाव घेतलं. मधी कोनाला घातलं नाय.

मागनं वेनू माझ्या कानात बोलली, "ताई, आवाज का गो बसला?"

"गप," मी बोलले. "पुढची ओळ उचल."