तिसरी खुर्ची

मित्रांनो, मी दवाखान्यातली एक जुनी खुर्ची आहे. लोखंडी पाय, काळं रेक्झिन, बसलं की करकर. कारखान्यातून आम्ही तिघी एकाच टेम्पोतून आलो. एक डॉक्टरांना मिळाली, एक रोग्याला. तिसरी मी. माझ्यावर बसतो तो रोग्याच्या घरातला इंग्रजी येणारा.

दूर देशाहून येऊन या वस्तीत राहिलेली माणसं ज्या भाषेत भांडतात त्याच भाषेत कण्हतात, आणि डॉक्टरांना ती येत नाही. त्यामुळे माझा मान मोठा. माझ्यावर बसून सुनांनी सासऱ्यांची पोटं सांगितली, नवऱ्यांनी बायकांच्या कळा सांगितल्या. ऐकून ऐकून मलाही इंग्रजी कळू लागलं. खुर्चीला कळून उपयोग काय, हा प्रश्न वेगळा.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. मशीन पायानं चालवायच्या, आणि त्याच पायाचा अंगठा काळा पडत चालला होता. सोबत जावई, गोदामातला मुकादम. लग्न जमवताना मध्यस्थानं ‘मुलगा फाडफाड इंग्रजी बोलतो’ असं सांगितलेलं. ते इंग्रजी खोकी चढवण्या-उतरवण्यापुरतं होतं.

डॉक्टर बराच वेळ बोलले. पायाला रक्त पोचत नाही, आजच दाखल व्हा, उशीर झाला तर पाऊल वाचणार नाही. मग फोनकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, दुभाषी जोडून देऊ का? जावयानं हसून नको म्हटलं. सासूबाईंसमोर दुभाषी म्हणजे अब्रूचा पंचनामाच.

“काय म्हणाले?” बाईंनी विचारलं.

“पायाला आराम द्या म्हणतात. पुढच्या आठवड्यात दाखवा.”

“एवढा वेळ एवढंच बोलले?”

“इंग्रजीत पसारा फार असतो, आई.”

बाई क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग पिशवी घेऊन उठल्या. डॉक्टरांना वाटलं, दाखल व्हायलाच निघाल्या. मी जीव खाऊन करकरले. पण खुर्ची करकरली की लोक तेल आणतात, ऐकत कोणी नाही.

पुढच्या वेळी बाई चाकांच्या खुर्चीतून आल्या. पायांवर चादर होती, आणि ती एका बाजूला लवकर सपाट होत होती. या खेपेला फोन चालू होता. त्यातली दुभाषी शब्द न् शब्द त्यांच्या भाषेत सांगत होती. जावई माझ्या काठावर टेकला होता, पूर्ण बसला नव्हता.

फोन बंद झाल्यावर तो म्हणाला, “आई, मला तेव्हा काही कळलंच नव्हतं.”

“ते मला कळलं होतं,” बाई म्हणाल्या. “पण जावयाला परक्यासमोर तसं कसं म्हणायचं?”

मित्रांनो, माझं रेक्झिन फाटलंय, ते राहू द्या. माझ्यावर बसलात आणि समजलं नाही, तर तसं सांगा. शेजारी बसलेलं माणूस तुमचा मान राखणारं असतं. ते विचारणार नाही.

बाहेर बाकावर आता एक सून बसली आहे. सासरे छाती चोळताहेत. ती त्यांना सांगते आहे, “बाबा, तुम्ही गप्प बसा. मी बोलते.”