मार्चमधली बदली

कोरिन हॅस्केलला नोकरी लागली त्या दिवशी सगळ्यांत आधी तिच्या दारात आली ती मारिसोल. हातात दुधात भिजवलेला केक, आणि चेहऱ्यावर असा आनंद, जणू नोकरी तिलाच लागली होती.

"काय डॉक्टरीणबाई! आता आमच्या कुत्र्याला रांगेत उभं करणार की थेट आत घेणार?"

कोरिन हसली, पण केकचा तुकडा तिनं तसाच बशीत ठेवला.

इटलीतल्या व्हिचेन्झाच्या अमेरिकन छावणीत येऊन तिला अकरा महिने झाले होते. नवरा वेड सैन्यात सार्जंट, आणि ही त्यांची तिसरी बदली. लग्नाआधी अमेरिकेत, आयडाहो राज्यात जनावरांच्या दवाखान्यात तिनं आठ वर्षं काम केलं होतं. त्यानंतर जिथं जरा जम बसावा, तिथून गाशा गुंडाळावा लागायचा. इथं गावात काम करायचं तर इटालियन यायला हवं, वर वेगळे परवाने. उरली छावणीतली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी कामं, आणि त्यांच्यावर डोळा ठेवून बसलेल्या शंभरेक बायका.

त्यातलीच एक मारिसोल किंतेरो, टेक्सासमधल्या एल पासोची. तिचा नवरा एक्तोरही सैन्यातच. कोरिनची गाडी जहाजानं यायला दोन महिने लागले, तेवढे दिवस मारिसोलनं तिला आपल्या गाडीतून सगळीकडे फिरवलं. जनावरांचं काम तिनंही पूर्वी केलं होतं. छावणीतल्या जनावरांच्या दवाखान्यात जागा निघाल्याचं पहिल्यांदा तिनंच वाचलं आणि लगेच फोन केला. "दोघी अर्ज करू. जिला लागेल तिनं जेवण द्यायचं." कोरिनचा अर्ज वाचून मात्र तिनं कपाळावर हात मारला. "अगं, हा अर्ज आहे की भावाला लिहिलेलं पत्र? सरकारी लोकांना सगळं फोडून सांगावं लागतं." मग आख्खी दुपार कोरिनच्या स्वयंपाकघरात बसून तिनं तो पुन्हा लिहून काढला.

त्याच दुपारी तिनं आवाज खाली आणून सांगितलं होतं, "एक्तोरची मार्चमध्ये बदली होईल असं कानावर आलंय. हुकूम अजून निघालेला नाही. कुणाला बोलू नकोस हं."

"मी कुणाला बोलणार?" कोरिन म्हणाली होती.

मुलाखत चांगली झाली. दवाखान्याच्या प्रमुख कॅप्टन लेंट्झ सरळ स्वभावाच्या बाई. "आधीच्या दोघी सहा-सहा महिन्यांत निघून गेल्या," त्या म्हणाल्या. "शिकवून शिकवून माझा जीव जातो." कोरिननं सांगितलं की आपण अजून दोन वर्षं तरी इथंच आहोत. ती उठायला लागली तेव्हा कॅप्टननी सहज विचारलं, "मारिसोल किंतेरोनं आपल्याबद्दल विचारायला तुमचं नाव दिलंय. कशी आहे कामाला?"

"उत्तम. जनावरांच्या बाबतीत माझ्यापेक्षा सरस." इथवर ती मनापासून बोलली. पण तिथं थांबली नाही. आवाजात हळहळ आणून म्हणाली, "फक्त मार्चमध्ये त्यांची बदली होईल असं दिसतंय, बिचारी."

कॅप्टननी कागदावर काहीतरी टिपलं. पेनाचा तो आवाज कोरिनला स्पष्ट ऐकू आला.

"खोटं कुठं बोललीस?" तिनं पुढं कधीतरी सांगितलं तेव्हा वेड म्हणाला. "त्यांनी विचारलं असतं तर तिनं स्वतःच सांगितलं असतं."

"तिनं सांगायचं आणि मी सांगायचं यात फरक आहे, वेड."

"मग आता काय, नोकरी सोडणार?"

नोकरी तिला हवी होती. सकाळी पांढरा कोट चढवून, भेदरलेल्या मांजराला टॉवेलात गुंडाळताना तिला आपले हात पुन्हा आपले वाटायचे. तेवढ्यात मारिसोल आठवायची आणि त्या सुखात मिठाचा खडा पडायचा.

मार्च आला आणि गेला. बदली झालीच नाही. उलट एक्तोरची मुदत दोन वर्षांनी वाढली. मारिसोल छावणीच्या दुकानात लोकांच्या सामानाच्या पिशव्या भरायला लागली. तिथं पगार नाही, गिऱ्हाईक खूश होऊन हातावर ठेवील ते. तिला लांबूनच पाहून कोरिन दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहायची. एकदा मारिसोलनंच भर दुकानात हाक मारली, "अगं ए, माझ्या रांगेत ये ना! तुझी अंडी फोडणार नाही मी!"

त्या दिवशी पिशव्या गाडीत ठेवायला ती बरोबर आली. ठेवता ठेवता सहज बोलून गेली, "मी उच्चार सुधारायचा वर्ग लावलाय. रोज आरशासमोर उभी राहून बोलते. एक्तोर हसतो मला."

"उच्चार? कशासाठी?"

"त्या मुलाखतीत माझं बोलणंच नडलं असणार. बाकी सगळं तर नीट झालं होतं. माझं इंग्रजी ऐकलं की लोकांना वाटतं, हिला काय येतंय."

कोरिननं हातातली पिशवी खाली ठेवली. "तुझं बोलणं नाही नडलं. मी नडले. मार्चमधल्या बदलीचं मी कॅप्टनना सांगितलं."

मारिसोलनं हातातली पिशवी ढकलगाडीत परत ठेवली. "चुकून तोंडातून गेलं?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाही," कोरिन म्हणाली. "कळून सवरून बोलले. मला माफ कर."

"चार महिने, कोरिन. चार महिने मी त्या आरशासमोर उभी आहे." तिनं उरलेल्या पिशव्या एकेक करून गाडीत ठेवल्या, अंड्यांची सगळ्यांत वर. मग रिकामी ढकलगाडी घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कोरिननं कॅप्टन लेंट्झना सगळं सांगून राजीनामा पुढं केला. त्यांनी तो परत सरकवला. "तुम्ही गेलात तर निवड पहिल्यापासून करावी लागेल. तिलाच मिळेल असं नाही, आणि माझं टेबल मात्र रिकामं राहील." जरा थांबून म्हणाल्या, "ऐकीव गोष्ट मी टिपून घेतली. ते माझंही चुकलं."

ऑगस्टमध्ये दवाखान्यात दुसरी जागा निघाली. कॅप्टननी स्वतः फोन करून मारिसोलला अर्ज करायला सांगितलं, आणि यावेळी तिची निवड झाली.

आता दोघी एकाच टेबलापाशी काम करतात. मारिसोल इतरांशी पूर्वीसारखीच चेष्टा करते, कुत्र्यांशी स्पॅनिशमध्ये बोलते. कोरिनशी कामापुरतं. दुपारचा डबा ती बाहेर बाकावर एकटी खाते, आणि कोरिन तिच्या मागे जात नाही. माफी एकदा मागून झाली आहे. पुन्हा पुन्हा मागणं म्हणजे आपलं ओझं तिच्या गळ्यात घालणं, एवढं तिला कळतं.

परवा एक म्हातारा बोका सुईला काही केल्या बधेना. मारिसोलनं त्याला छातीशी धरलं आणि मान न वळवता म्हणाली, "कोरिन, पाय धर. घट्ट."

कोरिननं धरले.