तुसाच्या राखेतलं हेड

बुधवारी संध्याकाळी शेलार गावाच्या अलीकडे जीपच्या बॉनेटमधून वाफ आली, तेव्हा मागच्या आठही बायकांनी एकदम उसासा टाकला. भिवंडीपलीकडे वळ गावच्या गोदामात दिवसभर उभं राहून खोके भरणाऱ्या बायका त्या. घरी जाऊन चूल पेटवायची होती. त्यांना पहाटे अंबाडीकडून आणायचं आणि संध्याकाळी परत पोचवायचं, हे संघरत्नाचं काम. जीप तिच्या वडिलांची, जानूची. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा जानूनं किल्ली लेकीच्या हातात दिली, आणि गावातल्या चार शहाण्यांनी नाकं मुरडली. त्याला आता दोन वर्षं झाली होती. नाकं अजून तशीच होती, पण फेरी एकही चुकली नव्हती.

इंजिन लाल तापलेलं असताना त्यात गार पाणी ओतायचं नसतं, हे जानूनं किल्ली देण्याआधीच लेकीला बजावलं होतं. अर्धा तास थांबायचं, इंजिन आपोआप निवतं. पण मागे ट्रेलरवाले हॉर्न दाबून बसले होते, अंधारून येत होतं, आणि आठजणींतली वयानं थोरली रंगूबाई केव्हाच खाली उतरून पाण्याची बाटली पुढं करत होती.

"घे गो रत्ना, कूलरचं हाय. लगेच निवल बघ."

सुटताना गोदामाच्या कूलरवर बाटल्या भरून घ्यायची सगळ्यांचीच सवय. बघता बघता आठ बाटल्या पुढं झाल्या. संघरत्नानं फडक्यानं रेडिएटरचं टोपण फिरवलं आणि ओतायला लागली. पाचव्या बाटलीला आतून टक् असा आवाज आला. आवाज एवढासाच, पण तिनं बाटली तिथंच थांबवली.

गुरुवारी शेलारच्या कुणाल गॅरेजवाल्यानं ओढून आणलेल्या जीपचं इंजिन तिच्या दारातच उघडलं. इंजिनावर झाकणासारखं बसणारं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, जड धूड, त्याला हेड म्हणतात, ते त्यानं खाली उतरवलं. कडेला, जिथून आत पाणी फिरतं तिथं, केसाएवढी बारीक चीर होती.

"नवीनच टाकाय लागंल, ताई." त्यानं आकडा सांगितला. टायरसाठी डब्यात ठेवलेल्या पैशांच्या तो चौपट होता.

"भंगारात मिळंल?"

"ह्या मॉडेलचं? शोधाय दहा दिवस तरी."

"आणि हेच जोडून?"

"बीड जोडत न्हाईत. एकीकडं वेल्डिंग मारा, दुसरीकडं तडकतं."

कुणालचं एक होतं, जे त्याला येत नाही ते जगात होतच नाही. तरी पोरगा मनानं वाईट नव्हता, उघडण्याचे पैसे त्यानं नंतर द्या म्हणून सांगितलं.

दहा दिवस मिळणार नव्हते. गोदामाचा सुपरवायझर देवेश फोनवर सरळच बोलला होता. तोवर बायकांना तो गोदामाच्या टेम्पोतून आणणार, पण सोमवारी सकाळी सातला जीप गेटात दिसली नाही तर फेरी दुसऱ्या गाडीला. "मला पण वर उत्तर द्यावं लागतं, ताई," तो म्हणाला, आणि ते खरंही होतं. फेरी गेली की जीप नुसती दारात उभी राहणार, आणि उभ्या गाडीला भंगारवाल्याशिवाय कोणी विचारत नाही. संघरत्ना रात्री जेवली नाही. आपल्याला रडू येतंय हे तिला कळत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

तोडगा काढला तो तिच्या आईनं. जाईबाईनं वीस वर्षं लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कांड्या भरलेल्या. भिवंडीतला कुठला कारखाना कुणाच्या जिवावर चालतो, हे मालकापेक्षा तिला जास्त ठाऊक.

"लूम कशाचा असतो गं? बिडाचाच ना? रोज मोडतात नि रोज जोडतात. केसरीनाथ मिस्त्रीकडं जा. हाय अजून तो, दुकान बंद न्हाय केलं."

शुक्रवारी सकाळी कुणालच्या स्कूटरवर हेड घालून तो आणि संघरत्ना भिवंडीत पोचले. बंद पडलेल्या कारखान्याच्या मागे केसरीनाथची भट्टी होती. सत्तरीचा माणूस, भुवया कायमच्या जळलेल्या. लूम किलोवर विकले जायला लागल्यापासून कामं आटली होती, पण ऐट तसूभर कमी झाली नव्हती. त्यानं हेडवर बोट फिरवलं आणि हात झटकला.

"मोटारीची कामं मी करत न्हाय."

"काका, लूमचाच एक भाग समजा," संघरत्ना म्हणाली. "बीड तेच हाय."

म्हातारा हसला नाही, पण त्यानं हेड पुन्हा ओढून घेतलं. कुणालची वेल्डिंगची कथा ऐकून तो एवढंच म्हणाला, की गार बिडावर कोण वेल्डिंग मारतो, गाढव? अख्खं धूड आधी कोळशावर हळूहळू तापवायचं. मग चिरेत पितळ उतरवायचं. आणि मग राखेत गाडायचं, म्हणजे ते इतकं सावकाश निवतं की बिडाला कळतसुद्धा नाही. "पन राख लागंल. भाताच्या तुसाची, सुकी. चार गोणी. माझ्याकडं आता न्हाय."

संघरत्नानं रंगूबाईला फोन लावला. अंबाडीच्या पुढे रंगूबाईच्या पाड्याजवळच भाताची गिरणी होती, तिथं तुसाच्या राखेचे ढीग पडलेले असत. शनिवारी सकाळी गोदामाचा टेम्पो कामाला जाताना भट्टीशी थांबला आणि बायकांनी चाराच्या जागी सहा गोणी उतरवल्या. रंगूबाईचा चेहरा राखेपेक्षा करडा होता.

"माझ्याच बाटलीनं झालं गो. मीच पयली धावले. तीन दिस झोप न्हाय मला."

संघरत्नानं एक गोणी भिंतीकडे ओढली. "असू दे गं मावशी," एवढंच म्हणाली. ते तिला स्वतःलाच आवडलं नाही.

केसरीनाथनं दुपारपर्यंत हेड तापवलं. पितळ धरावं म्हणून चिरेवर टाकणखार टाकला, पितळेची सळी टेकवली, आणि पितळ पाण्यासारखं चिरेत उतरलं. मग त्यानं आणि संघरत्नानं मिळून हेड राखेत गाडलं. वर गोणपाटं टाकली.

"आता उद्या."

चार वाजता संघरत्ना गोणपाटाशी. पाचला पुन्हा. सहाला म्हाताऱ्यानं आपली खाट उचलून राखेच्या ढिगाला आडवी टाकली आणि तिच्यावर बसला.

"भाताचं झाकन सारखं उघडतेस का घरी? शिजंल का तो? जा."

रविवारी सकाळी त्यानं राख उकरली. हेड कोमट होतं, आंघोळीच्या पाण्याएवढं. सुट्टी असल्यानं रंगूबाई आणि तिची भाची करिष्मा आल्या होत्या. कुणालही आला होता, बीड जोडलं जात नाही हे डोळ्यांनी बघायला. केसरीनाथनं आतल्या पोकळीत घासलेट भरलं आणि बाहेरून सगळीकडे खडू चोळला. कुठं बारीकशी वाट असेल तर घासलेट पाझरतं आणि खडू काळा पडतो.

पितळेची रेघ लख्ख कोरडी राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. करिष्मानं टाळी वाजवायला हात वर केले, तेवढ्यात रेघेच्या टोकापुढं खडूवर एक ठिपका ओला झाला. आधी मोहरीएवढा, मग वाटाण्याएवढा.

"म्हणलं होतं मी," कुणाल म्हणाला. कोणीतरी म्हणणारच होतं.

केसरीनाथ ठिपक्याकडे बघत राहिला. पन्नास वर्षं त्यानं लूम जोडले होते, आणि लूम जोडला की त्यानं भार पेलायचा, एवढंच त्याच्याकडून मागितलं गेलं होतं. लूममध्ये पाणी कधी भरत नाहीत. डोळ्याला दिसली तेवढी चीर त्यानं भरली. तिच्या पुढं न दिसणारं शेपूट असेल, हे शोधायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

"माझी चूक हाय," तो म्हणाला. कुणाला दोष न देता, आवाज न चढवता. "खडू आधी चोळाय पायजे होता. तेव्हाच शेपूट दिसलं असतं."

पुन्हा तापवायचं आणि पुन्हा राखेत गाडायचं, तर सोमवार हातचा गेला होता. संघरत्नाला म्हाताऱ्यावर चिडायचं होतं, पण चीड येईना. एवढा ऐटदार माणूस चार माणसांत सरळ माझी चूक म्हणून मोकळा झाला, आणि आपण चार दिवस एका म्हाताऱ्या बाईला झोपू दिलं नाही, याची तिला मनापासून लाज वाटली.

"मावशी," ती रंगूबाईला म्हणाली, "तुझ्या बाटलीनं न्हाय झालं. तापल्यावर गार पाणी ओतायचं न्हाय, हे मला ठाऊक होतं. बाबांनी सांगितलेलं. घाई माझी होती. मी बोलले न्हाय, कारण तू आपल्या अंगावर घेतलंस ते मला बरं वाटलं."

रंगूबाईनं तिच्याकडे टक लावून बघितलं. मग पदरानं कपाळ पुसलं. "चार दिस, गो? नि सहा गोणी वाहिल्या मी, कंबर मोडली माझी!" तिनं संघरत्नाच्या पाठीत धपका घातला, चांगला सणसणीत, आणि तिथंच हात ठेवून उभी राहिली.

"रडारड मागाहून," केसरीनाथ म्हणाला. "हातड्रिल आना कोनीतरी."

आता त्यानं ठिपक्यापासून सुरुवात केली. खडूवर ओल कुठवर जाते ते बघितलं, शेपटाच्या अगदी टोकाशी बारीक भोक पाडलं, म्हणजे चीर पुढं सरकायची थांबते. भोकाला आटे पाडले आणि पितळेचा बोल्ट इतका घट्ट पिळला की त्याच्या मानेच्या शिरा दिसल्या. त्याच्या कडेत अर्धवट घुसणारा दुसरा बोल्ट, मग तिसरा, थेट पितळेच्या रेघेपर्यंत. बोल्टांची डोकी कापून ठोकली, कानशीनं सपाट केली. आगीची गरजच पडली नाही. कुणाल आता पुढं सरकून उकिडवा बसला होता आणि मध्येच विचारत होता, "काका, आटे किती खोल?"

पुन्हा घासलेट, पुन्हा खडू. अर्धा तास सगळे त्या पांढऱ्या डागाकडे बघत बसले. तो पांढराच राहिला.

तापून हेडचा तळ किंचित वाकला होता. केसरीनाथनं जाड काच जमिनीवर ठेवली, तिच्यावर पॉलिश पेपर अंथरला, आणि बायकांना हेड त्यावर घासायला बसवलं, पुढं-मागं, जोर न देता. रंगूबाई आणि करिष्मा समोरासमोर बसल्या आणि गोदामातल्या सगळ्यांच्या चहाड्या संपेपर्यंत घासत राहिल्या. तळ आरशासारखा झाला. दिवस मावळायच्या आत कुणालनं संघरत्नाच्या दारात हेड जीपवर बसवलं. सगळा खर्च टायरच्या पैशांत भागला, आणि टायर अजून महिनाभर ओढणार होते.

सोमवारी पहाटे आठही जणी चढल्या. सगळ्यांच्या माना संघरत्नाच्या खांद्यावरून तापमानाच्या काट्याकडे. शेलार गेलं. भिवंडीच्या नाक्यावर कोंडी लागली, वीस मिनिटं जीप जागच्या जागी धडधडत उभी, आणि काटा चढत चढत मधोमध आला. काटा तिथंच थांबला. रहदारी हलली, वारा लागला, आणि तो बोटभर खाली सरकला.

वळच्या गोदामाच्या गेटाशी सातला पाच कमी होते. वॉचमन मोबाइलमध्ये बघत होता. त्यानं मान वर केली नाही, ओळखीचा आवाज ऐकून नुसता आडवा बांबू उचलला आणि रोजच्यासारखा हात हलवला. संघरत्नानं गाडी आत घेतली. चार दिवस तिला दुसरं काहीच नको होतं.