वेन्डेलचं उत्तर आलं नाही

बास्तिमेन्तोस बेटाच्या आमच्या बाजूला रस्ता नाही, वीज नाही. प्रत्येकाचं घर आपापल्या खाडीच्या तोंडाशी, आणि शेजाऱ्याकडे जायचं तर होडी काढावी लागते. म्हणून आम्ही परदेशी म्हातारी माणसं रोज सकाळी आठ वाजता रेडिओवर हजेरी घेतो. हजेरी घेणारी मी. कॅनडात पस्तीस वर्षं नर्स होते, त्यामुळे हे काम आपसूकच माझ्याकडे आलं.

वेन्डेल प्रोकोप यादीत सातवा. वय शहात्तर. पूर्वी कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये शाळेच्या बस दुरुस्त करायचा. बायको आयरीनबरोबर इथं आला आणि ती गेल्यावरही इथंच राहिला; मुलगी कार्लीन तिकडं कॅनडातच. नाव पुकारलं की तो गावाकडचं हवामान सांगायचा. "आज तिकडं उणे एकतीस आहे, ग्लेन्डा. आणि मी चड्डीवर कॉफी पितोय."

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी त्याचं उत्तर आलं नाही. मी तीनदा हाक मारली. कुणीतरी म्हणालं, बॅटरी उतरली असेल. दुसरा म्हणाला, झोपला असेल. मी पुढची नावं घेतली, पण कोण काय बोललं ते काही डोक्यात शिरलं नाही. एकट्या माणसाच्या घरात काय काय होऊ शकतं, याची यादी नर्सच्या मनात तयारच असते. मीही एकटीच राहते.

मी इल्माला फोन केला. इल्मा ह्याच बेटावर जन्मलेली, साठीची बाई. होडी चालवते, मासे विकते, आणि बेटावरच्या सगळ्यांची खबर ठेवते. ती दहा मिनिटांत धक्क्याला लागली.

"वारा चढतोय, मिस ग्लेन्डा. टोपी बांधून घ्या," एवढंच ती म्हणाली.

वेन्डेलच्या धक्क्याला होडी नव्हती. दार सताड उघडं. आत शेगडीवर किटली, पाणी आटून बूड काळं झालेलं आणि खाली गॅस चालूच. मी तो बंद केला. मग भिंतीकडे लक्ष गेलं. फळ्यांवर ठिकठिकाणी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. 'गॅस बंद कर.' 'आयरीन वारली. कार्लीनला विचारू नकोस.' 'इल्मा – मंगळवारी मासे.' रेडिओच्या वर एक होती: 'ग्लेन्डा – रेडिओवाली. उंच. पूर्वी नर्स. चांगली आहे.'

दोन वर्षं रोज मी त्याचा आवाज ऐकत होते, त्याच्या विनोदावर हसत होते. आणि तो ही चिठ्ठी वाचून माझ्याशी बोलत होता.

"तुला ठाऊक होतं?" मी इल्माला विचारलं.

"त्यानं मला एकाच मंगळवारी तीनदा मासे मागितले होते," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. नर्स तुम्ही."

आम्ही तिवरांच्या जंगलात शिरलो. तिथल्या पाण्याच्या वाटा सगळ्या सारख्याच दिसतात, दोन्ही बाजूंना मुळांच्या जाळ्या आणि वर पानांचं छप्पर. इल्मा दर वळणावर इंजिन बंद करायची आणि आम्ही हाका मारायचो. उत्तर आलं नाही की ती इंजिन चालू करायची दोरी पुन्हा ओढायची. अकरा वाजले, साडेअकरा झाले. आकाश काळवंडलं. मी पाण्याकडे बघायचं टाळत होते.

तो सापडला तेव्हा बारा होऊन गेले होते. होडी एका मुळाला व्यवस्थित बांधलेली, तेल भरपूर, इंजिन धड. वेन्डेल मधल्या फळीवर हात मांडीवर ठेवून बसला होता. चेहरा उन्हानं भाजलेला, ओठ फुटलेले.

"मासेमारी चाललीय," तो म्हणाला.

होडीत गळ नव्हता. मी त्याच्या होडीत उतरले, पाणी पाजलं, नाडी बघितली. बऱ्याच वेळानं तो हळूच म्हणाला, "घराकडंच निघालो होतो. मग घर कुठल्या अंगाला तेच कळेना. म्हटलं, हलायला नको. हललो तर आणखी चुकायचो."

"बरं केलंस."

"ग्लेन्डा, कार्लीनला सांगू नकोस. ती मला नेऊन एखाद्या वृद्धाश्रमात ठेवेल. तिकडच्या खिडक्या उघडतसुद्धा नाहीत. माझी शपथ आहे तुला."

"नाही सांगणार," मी म्हणाले. त्या क्षणी दुसरं काही तोंडातून निघालंच नाही.

इल्मा त्याची होडी आपल्या होडीला बांधत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मी काही शब्द दिलेला नाही हं, मिस्टर वेन्डेल."

पुढचे नऊ दिवस मी शब्द पाळला. सकाळी उठले की आधी दुर्बिणीतून त्याच्या छपराकडे बघायची, धूर तर नाही ना. दुपारी काहीतरी निमित्त काढून तिकडे जायची. इल्मा त्याला नारळाच्या दुधातला भात नेऊन द्यायची आणि तो जेवेपर्यंत बसायची. दहाव्या दिवशी मी गेले तर खोलीभर गॅसचा वास, आणि वेन्डेल काडेपेटी शोधत होता.

मी गॅस बंद केला, काडेपेटी उचलली आणि घरी येऊन कार्लीनला फोन केला. ती म्हणाली, "बाबा मला फोन करून आईला बोलव म्हणतात. डिसेंबरपासून. मी विचारलं की म्हणायचे, इथं सगळे लक्ष ठेवतात, एक नर्स आहे." मग तिनं विचारलं, "तुम्ही रोज बोलत होता ना त्यांच्याशी?"

मी हो म्हणाले.

ती आठवड्याभरात आली. थकलेली, समजूतदार मुलगी. तिनं चिठ्ठ्या एकेक करून काढल्या आणि पाकिटात ठेवल्या. वेन्डेल भांडला नाही. विमानतळावर मी आणि इल्मा पोचवायला गेलो. त्या दिवशी त्याला सगळं लख्ख आठवत होतं. इल्माच्या नातवंडांची नावं विचारली, तिच्या भाताचं कौतुक केलं. माझ्यासमोर आला तेव्हा त्यानं हात पुढे केला नाही.

"तू सांगितलंस," तो म्हणाला.

"हो. मी सांगितलं."

त्यानं मान हलवली आणि लेकीचा हात धरून विमानाकडे गेला. खिडकीत तो दिसतो का ते मी बघत राहिले. दिसला नाही.

परतताना मी इल्माला इंजिन बंद करायला लावलं. पिशवीतून कागद काढला. माझी बहीण फिलिस कॅनडात विनिपेगला असते. अकरा वर्षांत आम्ही एकमेकींशी बोललेलो नाही. तिचा नंबर मला पाठ होता, तरी लिहिताना दोनदा खोडला.

"माझं असं काही दिसलं तर हिला फोन कर," मी म्हणाले.

इल्मानं कागद वाचला. "आणि तुम्ही शपथ घातली तर?"

"घालीन मी. तू ऐकू नकोस."

तिनं कागदाची घडी घातली, प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि झग्याच्या खिशात ठेवली. मग विचारलं, "ही बहीण फोन उचलेल ना, मिस ग्लेन्डा?"

मला ते माहीत नव्हतं. तसं मी तिला सांगितलं. तिनं दोरी ओढली आणि आम्ही घराकडे निघालो.