बिझनेस क्लासने गेलेली बॅग

तपकिरी रेक्झिनची, दोन बंदांची, चेन मधूनच अडणारी अशी मी एक जुनी बॅग आहे, मित्रांनो. माझ्याकडे बघून कुणाला खरं वाटणार नाही, पण मी बिझनेस क्लासने कॅनडाला जाऊन आले आहे. त्याची हकीकत तुम्हाला सांगते.

माझा जन्म मालाडला झाला. बाजारामागच्या एका पोटमाळ्यावर माणिक नावाचे कारागीर बॅगा शिवायचे. त्यांनी माझ्या बंदांना दुहेरी शिलाई घातली, मला दोन्हीकडून ओढून पाहिलं आणि हसत म्हणाले, "ही माणसापेक्षा जास्त टिकेल." तेव्हा मला ते कौतुक वाटलं.

मला विकत घेतलं भाऊराव इंगळे यांनी. ते विक्रोळीच्या एका कारखान्यात टर्नर होते. कन्नमवार नगरातल्या एका खोलीत ते, त्यांच्या पत्नी शांताबाई आणि मुलगा अनिरुद्ध राहत. वीस वर्षं मी भाऊरावांचा डबा आणि तेलकट कपडे वाहिले. मशीनच्या तेलाचा वास माझ्या अस्तरात मुरला, तो अजून गेलेला नाही. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर वाशीमकडच्या गावी जायचे आणि तुरीची डाळ भरून परत यायचे. पुढे अनिरुद्ध इंजिनीअर झाला आणि टोरांटोला गेला. जाताना त्याने चाकांची नवी बॅग घेतली. भाऊराव निवृत्त झाले आणि मी माळ्यावर गेले, जुन्या पंख्याच्या पात्यांशेजारी. आठ वर्षं माझी कुणाला आठवण झाली नाही.

मग एके दिवशी अनिरुद्धने फोनवर सांगितलं, की आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत आणि त्याने दोघांची तिकिटं काढली आहेत. तीसुद्धा बिझनेस क्लासची! साऱ्या इमारतीत ही बातमी पसरली. व्हिसा आला. शांताबाईंनी ठेचा केला, शेवया केल्या. मी माळ्यावरून सगळं ऐकत होते.

निघायला अठरा दिवस उरले होते आणि पुन्हा फोन आला. या वेळी अनिरुद्धचा नव्हता. त्याचा मित्र विशाल बोलत होता. अनिरुद्ध सकाळी ऑफिसला निघाला होता. इमारतीच्या दारातच कोसळला. हृदय बंद पडलं होतं. तो छत्तीस वर्षांचा होता.

अंत्यसंस्कार तिकडेच झाले. आईवडिलांनी ते फोनच्या पडद्यावर पाहिले. खोलीत बुद्धवंदना झाली, माणसं आली, गेली. शांताबाई भिंतीला टेकून बसून होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आठव्या दिवशी त्या उठल्या आणि नेहमीसारखी भाजी निवडायला लागल्या.

"मी विशालला सांगतो, तिकिटं रद्द कर म्हणून," भाऊराव म्हणाले. "आता तिकडे काय आहे आपलं?"

"त्याच्या अस्थी आहेत," शांताबाई म्हणाल्या. "आणि तिकीट त्याने काढलंय. मी जाणार. तुम्ही नसाल येत तर एकटी जाईन."

त्यांनीच स्टुलावर चढून मला खाली काढलं. घरात नवी बॅग होती, तरी मला का काढलं ते त्यांनी सांगितलं नाही. ओल्या फडक्याने मला पुसलं, चेनला मेणबत्ती घासली आणि आत फक्त एक स्वच्छ पांढरं कापड घडी करून ठेवलं.

विमान सकाळचं होतं. विमानतळावर त्यांना एका मोठ्या, गारगार दालनात नेऊन बसवलं. तिथे इडल्या होत्या, फळं होती, केक होते. सगळे उठून घेत होते. हे दोघं मला मध्ये ठेवून बसून राहिले. कुणी विचारलं नाही आणि यांनी घेतलं नाही.

विमानातली खुर्ची म्हणजे छोटी खोलीच होती. पाय ठेवायला जागा, जाड रजई, मऊ उशी. विमान वर गेल्यावर भाऊरावांनी मला कप्प्यातून काढून जवळ घेतलं. शांताबाई पाठ न टेकता बसल्या होत्या, बसच्या कडेच्या सीटवर बसावं तशा. खिडकीबाहेर पांढरे ढग होते. त्या तिकडे बघत होत्या, पण त्यांना ते दिसत असावेत असं मला वाटलं नाही.

जेवण झाल्यावर एक हवाईसुंदरी आली. प्रियंका तिचं नाव. तिच्या हातातल्या बशीत छोटा केक होता.

"काका, काकू, अभिनंदन!" ती चक्क मराठीत म्हणाली. "मी बोरिवलीची. यादीत तुमचं आडनाव वाचलं आणि म्हटलं, हा केक मीच नेणार. चाळीस वर्षं, ना? तुमच्या मुलाने बुकिंग करतानाच कळवलं होतं. निरोपही दिलाय. वाचू?"

भाऊरावांचा हात माझ्या बंदावर घट्ट झाला. शांताबाईंनी होकारार्थी मान हलवली.

प्रियंकाने कार्ड वाचलं. "आई, चाळीस वर्षं ओट्याखाली पाय मुडपून झोपलीस. आज पाय लांब कर. बाबा, खुर्चीची बटणं तुम्ही दाबा, मशीन तुम्हाला कळतं. तुमचा अनू."

"किती गोड!" ती म्हणाली. "टोरांटोला तोच येणार ना घ्यायला?"

"आम्हीच त्याला घ्यायला चाललोय," शांताबाई म्हणाल्या.

"अरे वा! मग येताना तिघंही आमच्याच विमानाने या हं!"

"हो," शांताबाई म्हणाल्या.

प्रियंका हसत पुढे गेली. त्या मुलीचा काही दोष नव्हता. थोड्या वेळाने शांताबाईंनी केकचे दोन तुकडे केले, एक नवऱ्याला दिला, एक स्वतः खाल्ला. मग म्हणाल्या, "अहो, दाबा बटण."

भाऊरावांनी दाबलं. खुर्ची हळूहळू सपाट झाली. शांताबाई आडव्या झाल्या आणि त्यांनी पाय सरळ केले. डोळे मात्र उघडेच होते. पुढचे कित्येक तास त्या तशाच छताकडे बघत पडून होत्या.

टोरांटोला अनिरुद्धच्या घराचं दार विशालने उघडलं. "मावशी," एवढंच तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. शांताबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "जेवलास का रे?" चार दिवस दोघांनी अनिरुद्धचं घर आवरलं. त्याचे कपडे, पुस्तकं, भांडी वाटून टाकली. शेवटी विशालने एक धातूचा डबा आणि त्याचे कागद दिले. शांताबाईंनी डबा पांढऱ्या कापडात गुंडाळून माझ्यात ठेवला.

परतीच्या विमानात दुसरी हवाईसुंदरी होती. विमान सुटायच्या आधी तिने हिंदीत सांगितलं, की बॅग वर ठेवावी लागेल. भाऊरावांनी मला सोडलं नाही. तिने पुन्हा सांगितलं.

"मेरा लडका है इसमें," भाऊराव म्हणाले.

त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदाच निघालं होतं. ती बाई पुढे आली. मग वाकून तिने मला दोन्ही हातांनी उचललं आणि त्यांच्या डोळ्यांसमोरच्या कपाटात एकटीलाच ठेवलं, दुसरं सामान बाजूला सारून. मित्रांनो, आयुष्यभर मला सगळ्यांनी एका हाताने लटकवलं होतं. असं मला कुणीच कधी उचललं नव्हतं.

गावी शेताच्या बांधावर पिंपळाचं रोप लावून त्याच्या मुळाशी अस्थी ठेवल्या. मी रिकामी होऊन कन्नमवार नगरात परत आले. मला माळ्यावर टाकायला कुणाचा हात धजेना, म्हणून मी खुर्चीवरच राहिले.

इमारतीत कुजबुज चालायची. "एक टिपूस नाही आलं बाईच्या डोळ्यांतून. दगड आहे दगड." शांताबाईंना ते ऐकू जात असे. फक्त खालच्या मजल्यावरची चंपा रोज चार वाजता चहा घेऊन यायची आणि शेजारी बसायची. समजूत काढायची नाही, काही विचारायची नाही. कप विसळून निघून जायची.

असे बारा-तेरा दिवस गेले. एका दुपारी शांताबाई आपणहून बोलल्या. "चंपा, विमानात गरम टॉवेल देतात गं. तोंड पुसायला. सगळे पुसून लगेच परत देत होते. मला वाटलं, थोडा वेळ तोंडावर तसाच ठेवावा. त्याच्याआड कुणाला काही दिसलं नसतं. पण ती मुलगी ट्रे घेऊन उभी होती, मग दिला परत."

चंपा उठली, पातेल्यात पाणी तापवलं, दोरीवरचा टॉवेल त्यात बुडवला, पिळला आणि आणून शांताबाईंच्या हातात दिला. मग दाराला कडी घातली.

शांताबाईंनी टॉवेल तोंडावर घेतला. आधी काहीच झालं नाही. मग त्यांचे खांदे हलायला लागले. टॉवेल गार झाला. चंपाने तो घेतला, पुन्हा गरम करून आणला. असं तीन वेळा केलं.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. मी जुनी झाले, मला टाकून दिलंत तरी चालेल. पण तुमच्या आसपास कुणी कोरड्या डोळ्यांचं माणूस असेल, तर त्याला दगड म्हणू नका. जवळ जाऊन बसा. आणि त्याने काही सांगितलंच, तर उठून पाणी तापत ठेवा.