दाराआडची बाई

सुचिता कागद दुरुस्त करायची. जुने नकाशे, सनदा, चित्रं, जे काही फाटलं-कुजलं असेल ते नावड्यातल्या तिच्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत येई आणि धड होऊन जाई. या खेपेला बेलापूरच्या एका संग्राहकांनी अठराव्या शतकातलं रेखाचित्र मोठ्या विश्वासाने दिलं होतं. कुण्या जुन्या राजघराण्यातलं बारसं. पाळणा, भोवती नटलेल्या बायका, आणि मागे दाराआड पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी, मोकळ्या कपाळाची. हे काम नीट गेलं तर त्यांचा अख्खा संग्रह सुचिताच्या हाती येणार होता. चित्र न्यायला त्यांचा माणूस निघालाही होता.

आणि म्हातारीच्या कपाळावर कुंकू होतं. देव्हाऱ्यातल्या करंड्यातलं, बोटाने दाबून लावलेलं.

घरात दुसरं होतंच कोण? सासूबाई, मालतीबाई. टीव्हीवर गणपती दिसला तरी हात जोडणारी बाई ती.

"आई, हे तुम्ही केलं?" तिचा आवाज चढलाच.

मालतीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "केर काराला आलेली, तवा दिसली. बारशाच्या घरान मोकला कपाल, बघवला नाय मना."

"विधवा आहे ती. काढणाऱ्याने तशीच काढलीय."

"ठाव हाय. म्हनूनच लावला."

गेल्या वर्षी सुचिताच्या लेकीच्या बारशाला मालतीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्याच नव्हत्या. येऊ नका असं कुणी म्हणालं नव्हतं. म्हणायची गरजच पडली नव्हती. नातीला पाळण्यात घातलं ते शेजारणीने. सुचिताला लाज वाटली, आणि लाज वाटायला आत्ता वेळ नाही म्हणून चीडही आली.

फोन वाजला. माणूस कळंबोलीच्या ट्रकांत अडकला होता, पण पोचतच होता. सुचिता उठली, पंखा बंद केला, बसली, पुन्हा उठून खिडकी लावली. मऊ ब्रशने भुकटी झटकली. लाल ठिपका राहिलाच. आता ओला कापूस. तिने बोळा भिजवला, पिळला, कपाळापर्यंत नेला आणि हात थांबला. पुन्हा नेला, पुन्हा थांबला.

एरवी असले डाग ती गप्पा मारत काढायची. पण सासरे गेले त्या दिवशी घरच्या बायकांनी मालतीबाईंना मध्ये बसवून हेच केलं होतं, आणि सुचिता तिथेच उभी होती.

"पूस," मालतीबाई म्हणाल्या. "तुझा काम हाय ता. माझा पुसला तवा कोनी एवरा टाइम नाय घेतला."

सुचिताने पुसलं. एका फेरीत निघालं नाही, दोनदा पुसावं लागलं, आणि दोन्ही वेळा मालतीबाई बघत उभ्या राहिल्या.