एर्सिलियाची भूमिका

सिनेमावाले हैतीच्या सीमेवरच्या दाहाबोन गावी आले तेव्हा आईच्या भूमिकेसाठी त्यांना गावातलीच बाई हवी होती. शिवणकाम करणारी एर्सिलिया त्यांच्या नजरेत भरली. गोष्ट साधी होती: इकडची मुलगी, नदीपलीकडचा हैतीचा मुलगा, आणि त्याच्या तोंडावर दार लावणारी आई.

"ती दार का लावते?" एर्सिलियाने विचारलं.

"काळा आहे, परका आहे म्हणून," दिग्दर्शक दारियो म्हणाला.

"आणि घरात आणखी कोणी बिनकागदाचं असेल तर?"

"दोन्या एर्सिलिया, दीड तासात किती कोंबू? लोकांना कुणावर तरी चिडायला हवं की नको?"

तिने मान डोलावली.

नऊ वर्षांपूर्वी लेकीचा प्रियकर, हैतीचा विल्नर असाच तिच्या दाराशी धापा टाकत आला होता. मागे गल्लीत हैतीच्या लोकांना धरून नेणारा ट्रक उभा होता. "आई, उघड ना गं!" लेक योकास्ता तिचा हात ओढत होती. आत नवरा निकानोर तापाने ग्लानीत पडलेला. तो इथेच जन्मलेला, पण आईबाप हैतीहून ऊसतोडीला आलेले. जन्माचा एक चिटोरा त्याच्याकडे नव्हता. हे घरात कधी उच्चारायचं नाही असं नवराबायकोचं ठरलेलं. लेकीलाही माहीत नव्हतं. विल्नर आत आला असता तर मागोमाग शिपाई आले असते आणि निकानोरलाही घेऊन गेले असते. एर्सिलियाने कडी लावली. विल्नरला ट्रकमध्ये घालून नेलं. आठवड्याभरात योकास्ता राजधानीला निघून गेली.

दाराच्या प्रसंगाचं चित्रीकरण एका दमात झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एर्सिलियाला काहीच वाटलं नाही.

सिनेमा चर्चच्या सभागृहात दाखवला. योकास्ता मुद्दाम आली होती. पडद्यावर दार लागलं तशी मागून कोणीतरी ओरडलं, "मेली चांडाळीण!" लोक हसले. योकास्ता हसली नाही.

"आई, तेव्हाही तुझं तोंड असंच होतं."

"तेव्हा म्हणजे?" पलीकडून निकानोरने विचारलं.

"विल्नर दाराशी आला होता, पप्पा. हिने आत घेतलं नाही."

"का गं?"

खरं सांगावं, तर एका पोराला आपल्यापायी धरून नेलं, हे ओझं निकानोर मरेपर्यंत वाहणार. एर्सिलिया पडद्याकडे बघत राहिली.

"मला नव्हता आवडत," ती म्हणाली. "काळा होता."

निकानोरने तिच्या गुडघ्यावरचा आपला हात उचलला, स्वतःच्या मांडीवर ठेवला, आणि त्याच्या काळ्या कातडीकडेच बघत बसला.

त्या आठवड्यात त्याने आपली खाट बाहेरच्या खोलीत नेली. एर्सिलियाने तिच्यावर धुतलेली चादर घातली.